लेकरू दुचाकीवर नेताना

चोपड्यात लेकराला घेऊन बाजारात निघायचं तर बहुतेक घरांत स्कूटरच बाहेर निघते. डेन्मार्क-नेदरलँड्समध्ये पुढे पेटी असलेली मालवाहू सायकल वापरतात. मूल डोळ्यांसमोर राहतं, ही तिची मोठी सोय. आपल्याकडे स्कूटरच, म्हणून निवड करायची ती मुलाला बांधायच्या पट्ट्याची. २०२२ च्या केंद्रीय नियमानुसार ४ वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा, ३० किलो पेलणारा पट्टा हवा. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मापाचं हेल्मेट, सायकलचंही चालतं. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पट्टा घेताना बकल जोरात ओढून पाहा. पेंगलेलं मूल एका बाजूला कलतं, तेव्हा सैल पट्टा कामाचा नाही. पुढे पाय ठेवायच्या जागेत मूल उभं करूच नका. ब्रेक लागला की हनुवटी थेट हँडलवर आदळते. तान्ह्या बाळासाठी रिक्षाच बरी, आणि मे महिन्यात तीही उन्हं उतरल्यावर.