कण्हेर वाळते, विष वाळत नाही

मंडळी, मागच्या खेपेस कुणीतरी विचारलं होतं, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस विषारी झाडांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की आमच्यामुळे एक शेळी मेली.

अंगणातली कण्हेर छाटली आणि फांद्या कुंपणाशी टाकून दिल्या. शेजारच्या मावशींची शेळी एरवी त्या झाडाला तोंड लावत नसे. पाच-सहा दिवसांनी पानं वाळली, ती तिनं खाल्ली, आणि संध्याकाळपर्यंत गेली. आपण सर्रास म्हणतो, जनावराला कळतं काय खावं ते. जनावराला कळतो तो कडूपणा. विष कळत नाही. पान वाळलं की कडवटपणा कमी जाणवतो, पण हृदयाचे ठोके बिघडवणारं ओलिअँड्रीन तसंच राहतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही याच जातीची. देवाचं निर्माल्य गाईपुढे ठेवणारे आपण पुष्कळ जण आहोत; त्यात कण्हेरीची फुलं असतील तर ते पुण्य गाईला महागात पडतं.

आता ज्वारीकडे या. इथं गणित उलटं. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पावसानं ताण दिलेल्या किंवा कापणीनंतर धसकटाला फुटलेल्या पोंग्यांत, धुरिन नावाचा पदार्थ असतो. त्याला फोडणारं विकर पानात वेगळ्या जागी असतं. जनावरानं पान चावलं की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. शेतकरी म्हणतात, किराळ लागली. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसतं आणि जनावर गुदमरतं. सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण हाताशी वेळ फार थोडा असतो. हेच पीक पक्व होऊन नीट वाळलं, की त्याचा कडबा वर्षभर दावणीला चालतो!

घाणेरीचं थोडक्यात सांगतो: ती यकृत बिघडवते, मग कावीळ होते आणि उन्हानं कातडी सोलते.

मग विष हा झाडाचा गुण म्हणायचा, की झाड आणि खाणारा यांच्यातला संबंध? फुलांच्या गुच्छातली ओरिएंटल लिली पाहा. कुत्र्यानं खाल्ली तर सहसा उलट्या-जुलाबांवर निभावतं. मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. अंगावर पडलेले पराग चाटले तरी पुरे. (पीस लिली वेगळी. ती आणि डिफेनबाखिया यांच्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. जिवावर सहसा बेतत नाही.) मांजरानं लिली चाटली असेल तर लक्षणांची वाट पाहू नये, लगेच पशुवैद्याकडे न्यावं.

मावशींनी पैसे घेतले नाहीत. कण्हेर अजून आहे. छाटलेल्या फांद्या आम्ही जाळत नाही, कारण धूरही बाधतो. खड्डा करून वर माती ओढतो.