‘गुलामांची टेकडी’ आणि उकिरड्याची साक्ष

एखाद्या स्थळाला एकदा नाव पडले, की पुराव्यावाचूनही ते इतिहास म्हणून रूढ होते. अकाबाच्या आखाताच्या उत्तरेस, इस्रायलमधील अराबाच्या वाळवंटात तिम्ना नावाचे खोरे आहे. तेथील एका सपाट माथ्याच्या टेकडीचे असेच झाले. १९३० च्या दशकात अमेरिकन संशोधक नेल्सन ग्लूक यांना या टेकडीवर तांबे गाळताना उरलेल्या मळीचे ढीग आणि सभोवार दगडी भिंत आढळली. अशा निर्जल प्रदेशात स्वखुशीने राबावयास कोण येणार? भिंत गुलामांना कोंडण्यासाठीच असली पाहिजे, असा तर्क करून त्यांनी तिला ‘गुलामांची टेकडी’ म्हटले आणि हा सारा उद्योग बायबलमधील सॉलोमन राजाचा ठरविला.

पुढे बेनो रोथेनबर्ग यांना १९६९ साली याच खोऱ्यात हाथोर या इजिप्शियन देवतेचे मंदिर सापडले. तेव्हा खाणी सॉलोमनपूर्व काळातील, इजिप्तच्या फेरोंच्या ठरल्या व प्रश्न निकालात निघाला असे वाटले. परंतु तेल अवीव विद्यापीठाचे एरेझ बेन-योसेफ यांनी या टेकडीवरील खजुराच्या बियांचे वय कार्बन-१४ पद्धतीने तपासविले, तेव्हा २०१३ च्या सुमारास काळ पुन्हा इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकावर आला. अर्थात काळ जुळला म्हणून सॉलोमनचे स्वामित्व सिद्ध होत नाही. हा उद्योग एदोमच्या भटक्या टोळ्यांचा होता, असे बेन-योसेफ यांचे मत आहे.

याहून उद्बोधक आहे ती उकिरड्याची साक्ष. कोरड्या हवेमुळे तेथे हाडे, लेंड्या, कापडाचे तुकडेदेखील टिकून राहिले. भट्टीवरील कारागीर शेळ्यामेंढ्यांचे उत्तम मांस खात. दूरच्या भूमध्य समुद्रातील मासे त्यांच्यासाठी आणले जात. समुद्री शंखांपासून काढलेल्या अस्सल जांभळ्या रंगाचे, त्या काळी अतिशय मोलाचे असलेले कापडही तेथे मिळाले. गुलामांना असे कोण पोसतो? भात्याचा वारा, कोळशाचे प्रमाण आणि विस्तवाचा रंग ओळखून खनिजातून तांबे वेगळे करणे हे वेठीचे काम नव्हे, ती विद्या होती. भिंतही गुलामांना कोंडण्यासाठी नसून संरक्षणासाठी होती, असे आता मानले जाते. खाणीत उतरणाऱ्यांचे भाग्य कदाचित निराळे असेल. भट्टीपाशी मात्र कौशल्याचा मान होता.

या वैभवाला दुसरीही बाजू आहे. भट्टीतील कोळशांच्या अभ्यासावरून २०२२ साली असे दिसून आले, की प्रथम बाभळीच्या जातीचे व इतर चांगले सरपण वापरले जाई, पुढे निकृष्ट लाकूड आणि दुरून आणलेले लाकूड जाळावे लागले. सरपण संपत गेले आणि भट्ट्या थंडावल्या.

एका टेकडीविषयीचा हा निर्णय अशा रीतीने पुनःपुन्हा फिरला. राजांची नावे शोधताना कष्टकऱ्याला गुलाम ठरविणे सोपे असते. त्याने काय खाल्ले, काय नेसले आणि काय जाळले, हे विचारण्यास मात्र अधिक धीर लागतो. तो धीर संशोधकांपुरता राहू नये. इतिहास शिकविणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनीही तो अंगी बाणविला पाहिजे.