जुनी गाडी घेताना : खरी किंमत पहिल्या महिन्यात कळते

दहा-अकरा वर्षे वापरलेली छोटी पेट्रोल गाडी लाख-सव्वा लाखात मिळते, हे ऐकून अनेकांचा हात मुदत ठेवीच्या पावतीकडे जातो. पावसाळ्यात दुचाकीवरून मुलाला शाळेत सोडायचे, बायकोला स्टेशनवर उतरवायचे आणि मग स्वतः कामावर पोचायचे, ही कसरत ज्यांनी केली आहे त्यांना या मोहाबद्दल दोष देता येणार नाही. गाडी घ्यावी की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. पण विकणारा सांगतो तो आकडा म्हणजे फक्त पहिला हप्ता असतो. उरलेले पैसे पुढच्या तीस दिवसांत गॅरेजवाल्याला द्यावे लागतात, आणि ते आधी बाजूला काढलेले नसतील तर क्रेडिट कार्डावर जातात.

म्हणून हिशेब उलटा करा. हातात दीड लाख असतील तर दीड लाखाची गाडी पाहू नका, एक लाख दहा हजारांची पाहा. उरलेले चाळीस हजार दुरुस्तीचे आणि कागदपत्रांचे. घरखर्चाचे चार-सहा महिन्यांचे पैसे जे तुम्ही अडीअडचणीसाठी ठेवले आहेत, ते या दीड लाखात धरायचे नाहीत.

कर्जाचे काय? फार जुन्या गाडीला बँका सहसा वाहन कर्ज देत नाहीत; मग लोक वैयक्तिक कर्ज काढतात. एक लाख रुपये 15 टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 3,467 रुपये येतो आणि व्याजापोटी जवळपास 24,800 रुपये जातात. म्हणजे चार टायर, बॅटरी आणि ब्रेकचे काम होईल एवढे पैसे नुसत्या व्याजात. थांबता येत असेल तर वर्षभर थांबून साठवा.

गाडी पाहायला जाताना

सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून पाहा; गरम असेल तर गाडी सुरू करून ठेवलेली आहे. थंड इंजिन जे सांगते ते गरम इंजिन लपवते. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते. या दोन्ही गोष्टी दिसल्या तर किंमत कमी करून मागण्याच्या भानगडीत पडू नका, नमस्कार करून निघा. इंजिन उघडायचा खर्च अशा गाडीच्या किमतीत बसत नाही.

रंग फिका असेल, सीट फाटली असेल, दरवाजाला पोचा असेल तर उलट आनंद माना. त्यावर भाव पाडता येतो. गंज मात्र वेगळा. मुंबई, रत्नागिरी, गोवा, चेन्नई अशा समुद्रकाठच्या गाडीचा खालचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बसते ती जागा आणि डिकीतल्या स्टेपनीखालचा भाग नीट पाहा. वरून नवा रंग मारलेली चकचकीत जुनी गाडी मला स्वतःला जास्त संशयास्पद वाटते.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसची बिले मागा आणि त्यांच्यावरचे किलोमीटर जुळतात का पाहा. ब्रेकचे पेडल गुळगुळीत झिजलेले आणि मीटरवर तीस हजार, हे जुळत नाही.

आणि तुमचा मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याचा नव्हे. पाचशे-हजार रुपये आणि त्याचा अर्धा दिवस जाईल. सगळ्या व्यवहारात याहून स्वस्त काही नाही.

कागद आधी, चावी नंतर

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विमा, पीयूसी, आरसीची मुदत आणि थकलेली चलने तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. कायद्याने घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. "सही करून ठेवतो, तुम्ही सावकाश करा" असे विकणारा म्हणाला तरी सावकाश करू नका. अपघात झाला तर कोण मालक, हा प्रश्न कागदावरून सुटतो.

खासगी गाडीची आरसी नोंदणीपासून 15 वर्षे चालते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, पण हे काम आता स्वस्त राहिलेले नाही: 1 एप्रिल 2022 पासून केंद्राने मोटारीसाठीचे हे शुल्क 600 वरून 5,000 रुपये केले, आणि नंतर अधिक जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवले. त्यामुळे अकरा वर्षांची गाडी आणि साडेचौदा वर्षांची गाडी यांच्या भावात वीस हजारांचा फरक असेल तर दुसरी स्वस्त आहे असे समजू नका.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते त्यामागे बहुधा कारण असते. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले. त्यानंतर तिथल्या बऱ्याच गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. तुम्ही इंदूर, बडोदे किंवा हैदराबादला राहत असाल आणि पुण्याहून वा दिल्लीहून गाडी आणणार असाल, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, आपल्या राज्याचा रस्ता कर आणि नवा क्रमांक हे तिन्ही धरून मग तुलना करा. कर किती लागेल ते आधी आपल्या आरटीओत विचारा. वाचलेले पैसे तिथेच संपतात असा अनुभव अनेकांना येतो.

विम्याबद्दल एक गैरसमज फार आढळतो. गाडी घेतली की तिचा चालू विमा आपोआप आपला होतो, असे लोक धरून चालतात. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीपुरते, म्हणजे थर्ड पार्टीपुरते, ते खरे आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसी तुमच्या नावावर केल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्याचा फरक तुम्हाला भरावा लागतो.

काम कुठून सुरू करायचे

माझी पहिली जुनी गाडी घरी आली तेव्हा मी पहिल्या रविवारी सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम बसवली. साडेसात हजार गेले. दुसऱ्या आठवड्यात उतारावर ब्रेकचे पेडल खोल गेले. गाडी थांबली, पण मी ते गाणे पुन्हा लावले नाही.

म्हणून आधी थांबवणारे भाग. ब्रेक पॅड, मागचे शू, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि दोन वर्षांनी बदलायला हवे. जुन्या गाडीत ते कधी बदलले हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. त्याबरोबर टायर. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो: 2218 म्हणजे 2018 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि पावसात पकड धरत नाही. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

मग इंजिन तापू न देणारे भाग: कूलंट, रबरी पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचा पंखा. काट्याने लाल रेषा गाठली की गाडी तिथेच थांबवा. "गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, जातो तसाच" म्हणून जे जातात, त्यांचे काही शेकड्यांचे काम हेड गॅसकेटच्या हजारांवर जाते.

टायमिंग बेल्टकडे विशेष लक्ष द्या. काही इंजिनांत साखळी असते, काहींत रबरी पट्टा. आठशे सीसीच्या जुन्या अल्टोमध्ये आणि सँट्रोमध्ये पट्टा आहे. अल्टो के10 मध्ये साखळी. पट्टा बाहेरून दिसत नाही, वाजत नाही, आणि एके दिवशी तुटतो. गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच बसते. आधीच्या मालकाकडे बदलल्याचे बिल नसेल तर बदललेला नाही असे समजा आणि पहिल्याच महिन्यात टेन्शनरसकट बदलून घ्या.

बॅटरी, ऑइल, फिल्टर, प्लग ही कामे त्यानंतर. सस्पेन्शनचा खडखडाट त्याच्याही पुढे, पण स्टिअरिंगला ढिलेपणा असेल तर तो आधी. एसी, रंग, पॉलिश, सीट हे सहा महिने थांबू शकते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत; इंधनाचे रबरी पाइप आणि गॅसकेट लवकर खराब होऊ शकतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका.

सुट्या भागांसाठी जुना बाजार वाईट नाही. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार इथे आरसा, दिवा, दरवाजाची काच, हँडल अर्ध्याहून कमी भावात मिळते. ब्रेक, टायर, बेल्ट आणि स्टिअरिंगचे भाग मात्र तिथून घेऊ नका. मेकॅनिककडून कामापूर्वी अंदाज लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा.

किलोमीटरमागे किती

उदाहरण म्हणून आकडे धरू. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा करा. गाडी 1,10,000. चार टायर 13,000, बॅटरी 4,000, ब्रेक 3,500, टायमिंग बेल्टचे काम 5,000, ऑइल-फिल्टर-प्लग 3,000, कूलंट आणि पाइप 2,000, सस्पेन्शन 6,500, एकूण 37,000. नावावर करण्याचा खर्च 3,000. गाडी पडली दीड लाखाला.

चार वर्षांनी ती पन्नास हजारांना गेली, तर वर्षाला 25,000 रुपये झीज. कामावर जाऊन-येऊन 32 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे वर्षाला 9,600 किलोमीटर. लिटरला 16 चालली तर 600 लिटर पेट्रोल. 105 रुपये भावाने 63,000. देखभाल 18,000. विमा आणि पीयूसी 3,000. पार्किंग 6,000. सगळे मिळून 1,15,000, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ बारा रुपये आणि महिन्याला साडेनऊ हजारांच्या वर. तेवढ्याच अंतराला लिटरला 50 चालणाऱ्या दुचाकीचे पेट्रोल वर्षाला सुमारे 20,000 रुपयांचे होते.

एकट्याने रोज जायचे असेल आणि बस किंवा लोकलचा पास मिळत असेल, तर हा हिशेब गाडीच्या बाजूने बसवणे कठीण आहे. तिघेजण एकाच दिशेने जात असतील, रात्रपाळी असेल, घरात गुडघे दुखणारे आईवडील असतील, तर बारा रुपये महाग नाहीत. ते तुमच्या घरातून दिसते, या पुस्तिकेतून नाही.

देखभालीचे ते 18,000 म्हणजे महिन्याचे दीड हजार. पगार झाला की ते वेगळ्या बचत खात्यात टाका. आवर्ती ठेव इथे सोयीची नाही, कारण क्लच प्लेट ठेवीची मुदत संपायची वाट पाहत नाही.

आणि किती खर्च झाला की थांबायचे, हे गाडी घेतानाच वहीत लिहून ठेवा. मी स्वतः असे धरतो की एकाच दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, की ती दुरुस्ती करायची नाही. "एवढा खर्च केलाय, आता आणखी थोडा" हे वाक्य मनात आले की ती वही उघडा. आधी गेलेले पैसे कोणत्याच निर्णयाने परत येत नाहीत. गाडी मोडीत काढायची वेळ आली तर रोख पैसे देणाऱ्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका, कारण आरसी तुमच्याच नावावर राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. ते दाखवले तर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात राज्यानुसार 25 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, आणि जुन्या क्रमांकाची जबाबदारीही तुमच्या अंगावरून उतरते.