परमुलखातील भट्टी

सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी, त्यांना लागून असलेला तासगाव व कवठेमहांकाळचा कोरडवाहू भाग, आणि पलीकडे सातारा जिल्ह्यातील माण व खटाव हे तालुके ज्या पट्ट्यात मोडतात तो सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पश्चिमेकडून येणारे ढग महाबळेश्वर-कोयनेच्या माथ्यावरच रिते होतात आणि माणगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचताना त्यांच्यापाशी देण्याजोगे फारसे उरत नाही. वर्षाकाठी वीस इंचांच्या आगेमागे पाऊस, तोही बराचसा परतीचा. बाजरी, मटकी, हुलगा आणि मेंढरे यांवर चाललेला संसार. अशा या मुलखातील माणसे आज मदुरै, कोइमतूर, त्रिशूरपासून दिल्लीच्या कूचा महाजनीपर्यंत देशातील बहुतेक मोठ्या सराफ पेठांतून आढळतात, आणि सर्वत्र ती एकच धंदा करतात. तो धंदा म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे, म्हणजेच गलाई.

यातील नवल असे की ही माणसे जातीने वा परंपरेने सोनार नव्हेत. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन त्यातले सुवर्णकण वेचणारा झारेकरी आपल्याकडे पूर्वीपासून होता. परंतु गलाईला गेलेले बहुसंख्य लोक हे नांगर आणि मेंढरे यांखेरीज दुसरे काही हाती न धरलेल्या शेतकरी घरांतले आहेत. ज्यांच्या घरात सोने म्हणून मंगळसूत्रातील चार मणी असायचे, त्यांनी परमुलखात जाऊन मूस आणि भट्टी हाती धरावी, आणि परक्या भाषेत बोलणाऱ्या सराफाने आपले सोने निःशंकपणे त्यांच्या स्वाधीन करावे, ही हकीकत मराठी माणसाच्या स्थलांतराच्या इतिहासात मानाने नोंदवली जावी इतक्या योग्यतेची आहे.

गाव का सोडले, असे विचारले असता प्रत्येक जण दुष्काळाचे नाव घेतो, आणि ते खरेच आहे. आणेवारी पन्नास पैशांच्या आत येणे ही ज्या गावांच्या दप्तरातील नित्याची नोंद, त्या गावांत शेतीच्या भरवशावर थोरल्याचे कसेबसे भागले तरी धाकट्याने करावे काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडत आला. १९७२ च्या दुष्काळात तर ज्यांच्या घरी बैलजोडी होती तेही खडी फोडायला गेले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली कादंबरी याच माणदेशातील आहे, आणि तिची अखेर दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीपाशी होते, हा काही केवळ कादंबरीकाराच्या कल्पनेचा भाग नव्हे.

परंतु दुष्काळाने माणूस घराबाहेर का पडला एवढेच समजते. तो नेमका कोठे गेला, हे समजत नाही. त्याच दुष्काळाने कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी माथाडी झाला, कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. खानापूर-आटपाडीचा मुलगा मात्र मिरजेला गाडीत बसून थेट दक्षिणेत उतरला, याचे कारण एवढेच की तेथे त्याच्या आधी त्याच्या भावकीतला कोणी तरी उतरलेला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला चुलत्याने किंवा मामाने आपल्या दुकानावर न्यावे. पहिली काही वर्षे अन्नवस्त्र आणि यात्रेला गावी जाण्याचे भाडे एवढ्यावर त्याने भट्टी फुंकावी, भांडी धुवावीत, बाजारातून माल आणावा-पोहोचवावा. पुढे हातात कसब आले की पगार, मग पाती, आणि अखेरीस जवळच्या एखाद्या गावात स्वतःचे दुकान. आणि ते दुकान लागले की त्याने पुन्हा गावाकडून एक पोर आणावे. या परंपरेला ना सनद होती ना करारनामा. ज्या धंद्यात कारागिराच्या नखात राहिलेल्या कणालाही मोल असते तेथे जामीन राहावयाचे ते गावच, आणि एखाद्याने लबाडी केली तर तिची वार्ता त्याच्या बापाच्या कानी पडायला एक आठवडा पुरेसा असे.

हे कसब जवळून पाहण्यासारखे आहे. मदुरैच्या दक्षिण आवणीमूल रस्त्याच्या परिसरात, सराफी दुकानांच्या झगमगाटामागील एका अरुंद जिन्याने वर गेले की जेमतेम दोन माणसे उभी राहतील अशा खोलीत अशी एक भट्टी मी पाहिली. जुन्या, डाग दिलेल्या दागिन्यांचे सोने घेऊन कारागीर त्यात सुमारे अडीच-तीन पट चांदी मिसळतो. हे प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते, कारण शुद्ध करावयाच्या वस्तूत भेसळ वाढवण्याचाच तो प्रकार दिसतो. परंतु चांदीचे प्रमाण एवढे वाढवल्याखेरीज आम्लाला आतपर्यंत शिरकाव मिळत नाही. मुशीत तो रस एकजीव झाला की तो पाण्यात ओतून त्याचे कण पाडतात, आणि ते कण नत्राम्लात उकळतात. त्याबरोबर तांबूस तपकिरी धूर उसळतो, चांदी आणि तांबे आम्लात विरघळून जाते, आणि तळाशी उरतो तो विटकरी मातीसारखा, कोणी रस्त्यावर पडलेला पाहिला तर ओलांडून जाईल असा चुरा. तेच शुद्ध सोने. तो चुरा पाण्याने पुनःपुन्हा धुऊन, सवागी टाकून १०६४ अंशांच्या वर तापवला की मुशीच्या तोंडाशी पिवळी झळाळी उमटते. आणि इकडे आम्लात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवतात. त्या तांबूस धुराने कित्येकांची छाती निकामी केली. धुराडे नसलेल्या खोलीत, ओला पंचा नाकाला बांधून वीस-वीस वर्षे काढलेली माणसे आज गावी खोकत बसलेली दिसतात, आणि या धंद्याच्या यशाच्या कथा सांगताना त्यांचा उल्लेख कोणी करत नाही, तो करायलाच हवा.

दक्षिणेची निवड आकस्मिक असली तरी तिचे फळ आकस्मिक नव्हते. देशातील सोन्याच्या मागणीचा सर्वांत मोठा हिस्सा दक्षिणेकडील राज्यांचा. तेथे लग्नात मुलीच्या अंगावर घालावयाचे सोने वर्षानुवर्षे जमवले जाते, मोडले जाते, पुन्हा घडवले जाते, आणि प्रत्येक मोडीबरोबर गाळणाऱ्याची गरज उत्पन्न होते. सरकारी धोरणाने मात्र या माणसांची बराच काळ परीक्षा पाहिली. १९६३ च्या प्रारंभी सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली त्यांचा कायदा झाला, आणि १९९० मध्ये तो रद्द होईपर्यंत सोन्याच्या लगडी खासगी माणसाने बाळगणे हा गुन्हा होता; परवान्यावाचून भट्टी पेटवणाराला प्रत्येक पावलाचा आवाज अधिकाऱ्याचा वाटे. कायदा गेला तरी दुसरे एक भय उरलेच. गाळलेल्या सोन्याला ओळख नसते. ते कोणाच्या गळ्यातले होते हे मुशीतून बाहेर आल्यावर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यामुळे कोठे चोरी झाली की पोलीस प्रथम गलाईवाल्याच्या दारी येतात, आणि जबानी कोणत्या भाषेत लिहिली गेली आहे हे न कळताच खाली सही करण्याचे प्रसंग परप्रांतीयावर येतात.

एवढे सोसून मिळाले ते योग्य होते काय? मदुरैच्या त्याच खोलीत एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “आबा, गाव सोडल्याचा कधी पस्तावा झाला का?” ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “पस्तावा कशाचा, पाव्हणं? हिकडं आलो म्हणून चूल पेटली. बहिणींची लग्नं झाली, हीर खांदली, माडीचं घर झालं. पर परत कवा जायाचं, ह्ये कुणी ठरिवलंच न्हाई.” माझ्या मते या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर दुसरे नाही. आपण स्थलांतराविषयी विचारतो ते असे, जणू माणसाने एके दिवशी साधकबाधक विचार करून जन्माचा निर्णय घेतला. वस्तुतः जाण्याचा निर्णय सहसा बरोबरच असतो, कारण तो घेताना पर्याय नसतो. आणि राहण्याचा निर्णय कोणी घेतच नाही. तो थोडाथोडा, नकळत होत जातो. दुकानाची अनामत भरली म्हणून आणखी तीन वर्षे, मुलाला शाळेत घातले म्हणून त्याची दहावी होईपर्यंत, मग मुलीचे महाविद्यालय, मग कर्ज काढून घेतलेले घर. आणि या प्रत्येक टप्प्यावर माणूस स्वतःला सांगत राहतो की हे तात्पुरते आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या मनात सल होता तो या न घेतलेल्या निर्णयाचा. गाव सोडल्याबद्दल खंत करणारा मला कोणी भेटला नाही.

आबांच्या घरी हाच प्रश्न निघाला तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीने उत्तर दिले, “मला कुणी इचारलं हुतं व्हय?” त्या लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारणीशी बोलायला भाषा नव्हती, आणि भाजीवालीशी बोटांनी हिशेब करत त्या तमिळ शिकल्या, आज त्या अस्खलित तमिळ बोलतात, परंतु बाजरीचे पीठ अजूनही गावाहून येते आणि ते संपत आले की त्यांना करमत नाही. भारताच्या जनगणनेत स्थलांतराचे कारण विचारणारा एक रकाना असतो: रोजगार, व्यापार, शिक्षण, विवाह, कुटुंबासमवेत. २०११ च्या जनगणनेत आपले मूळ ठिकाण सोडलेल्यांची संख्या सुमारे ४५ कोटी भरली, राज्याची सीमा ओलांडलेले त्यांत ५ कोटींहून अधिक होते, आणि सर्व कारणांत मोठे कारण ठरले ते विवाह. या एका शब्दाच्या आड किती स्त्रियांचे गाव, भाषा आणि माहेर गेले, आणि त्यातील कितींना कोणी विचारले, याची मोजदाद त्या रकान्यात होत नाही. पस्ताव्याचा प्रश्न पुरुषाला विचारून आपण समाधान मानतो, ही आपली मोठी चूक आहे असे मला वाटते.

मुलांचा प्रश्न आणखी निराळा आहे. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला असला, तरी कित्येक हक्क मात्र माणसाबरोबर सीमा ओलांडत नाहीत. महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणल्या जाणाऱ्या धनगर कुटुंबाचा जातीचा दाखला तमिळनाडूत त्या सवलती मिळवून देत नाही. मूळ राज्यातील आरक्षण दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या संदर्भातही स्पष्ट केलेले आहे. उलट मुलगा गावी परतून महाराष्ट्रात प्रवेश मागू लागला की रहिवासाचा दाखला आडवा येतो, कारण त्याची सगळी शाळा परराज्यात झालेली असते. तमिळनाडूच्या शाळांतून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषांचे धोरण १९६८ पासून चालत आले आहे; परिणामी तेथे वाढलेली मुले घरात मराठी बोलतात, पण देवनागरी त्यांना वाचता येत नाही, आणि आजोबांनी पाठवलेली लग्नपत्रिका बापाकडून वाचून घ्यावी लागते.

तमिळ देशात मराठीचा हा पहिलाच वनवास नव्हे. व्यंकोजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात १८०३ साली कोरलेला प्रचंड मराठी शिलालेख अजून उभा आहे, आणि त्या लोकांचे वंशज आजही घरात एक वेगळ्या वळणाची, तमिळमिश्रित मराठी बोलतात. त्या मराठीला राजाश्रय होता, दप्तर होते, सरस्वती महालासारखे ग्रंथालय होते. गलाईवाल्यांच्या मराठीपाशी यांतले काहीच नाही. मे महिन्याची सुट्टी आणि गावची यात्रा एवढ्या आधारावर ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते आहे. जेथे शे-पन्नास मराठी कुटुंबे आहेत तेथे रविवारी दोन तास देवनागरीचा वर्ग भरवणे अवघड नाही, आणि त्यासाठी पुस्तके व शिक्षक पुरवणे हे महाराष्ट्र शासनाच्या आवाक्याबाहेरचे काम खचितच नाही.

मध्यंतरी गाव सोडण्याचे मूळ कारणच पालटले. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ साली महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले. परंतु ते अडवून वापरण्यासाठी कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन व्हायला १९९६ उजाडले. कराड तालुक्यातील टेंभू गावाजवळ कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे चढवत नेणारी योजना त्याच सुमारास हाती घेतली गेली, आणि आटपाडीच्या शिवारात ते पाणी खेळू लागेपर्यंत आणखी दीड-दोन दशके सरली. जे पाणी कागदावर आपले होते ते शेतात यायला एक आख्खी पिढी लागली, आणि तीच पिढी मुलूख सोडून गेली. या दिरंगाईची किंमत कोणत्याही सरकारी अहवालात मांडलेली मी पाहिली नाही.

आता काही जण परतत आहेत. जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांनी माल ओढून घेतला, आणि लहान भट्टीचे दिवस सरत आल्याचे जाणत्यांना कळून चुकले. आबांचे थोरले बंधू तर त्याआधीच गावी येऊन डाळिंबाची बाग धरून बसले. आबांचा मुलगा मदुरैलाच राहिला, त्याने क्ष-किरणांनी कस पाहणारे यंत्र घेतले आहे आणि भट्टी फक्त जुन्या गिऱ्हाइकांपुरती ठेवली आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावे एकत्र आहेत, वाटणी झालेली नाही, आणि ती व्हावी असे कोणी बोलतही नाही. आटपाडीच्या सौद्यात डाळिंबाला दर चांगला मिळाला की खतऔषधांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेतील अर्धा हिस्सा थोरले मदुरैला पाठवतात. आणि तेल्या रोगाने बाग गेली त्या वर्षी बँकेचा हप्ता मदुरैच्या दुकानातून भरला गेला.