फलगंधी पिल्सनर

फलगंधी पिल्सनर ही फळांसारख्या वासाचे हॉप्स वापरून केलेली फिकट सोनेरी लागर बिअर होय. नावावरून तसे वाटले तरी तिच्यात फळ किंवा फळांचा रस नसतो. मोसंबी, पेरू वा द्राक्षाची आठवण करून देणारा गंध हॉप्स या वेलीच्या मादी फुलांतील तेलांमधून येतो.

मूळ पिल्सनर ५ ऑक्टोबर १८४२ रोजी बोहेमियातील (आजचे चेक प्रजासत्ताक) प्लझेन शहरात योजेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने प्रथम तयार करण्यास घेतली. तिच्यातील झातेत्स भागातील हॉप्सचा गंध मसाल्यासारखा व सौम्य होता. फळांचा गंध पुष्कळ नंतर आला.

निर्मिती

हॉप्स उकळत्या द्रावात घातल्यास त्यांतील आल्फा आम्लांपासून कडवटपणा येतो, पण सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून फलगंधासाठी हॉप्स किण्वनानंतर थंड बिअरमध्ये भिजत ठेवतात. इटलीतील 'टिपोपिल्स' (१९९६) या बिअरमुळे ही पद्धत पिल्सनरमध्ये रूढ झाली. न्यूझीलंडमधील 'नेल्सन सोव्हिन' (२०००) या हॉप्सना सोव्हिन्यॉन ब्लाँ द्राक्षावरून नाव मिळाले. नाशिक परिसरातही पिकणाऱ्या या द्राक्षाच्या वाइनमधील काही गंधकयुक्त संयुगे या हॉप्समध्येही आढळतात.

आस्वाद

बिअर ५ ते ७ अंश सेल्सिअसला ओतून प्रथम हुंगतात. याहून थंड असल्यास गंध दबतो. फळाच्या वासामुळे गोडीची अपेक्षा निर्माण होते, जिभेवर मात्र पावासारखी माल्टची हलकी चव, मग स्वच्छ कडवटपणा आणि कोरडा, चटकन संपणारा शेवट येतो. ही विसंगती हेच या प्रकाराचे मर्म आहे. घोटानंतर गोडी रेंगाळली, तर पिल्सनरपण हरवले असे मानावे. थंड तापमानात काम करणारे लागर यीस्ट स्वतःचा गंध फारसा देत नाही, त्यामुळे दोष झाकायलाही काही उरत नाही. उन्हात ठेवलेल्या बाटलीला काही मिनिटांतच उग्र दुर्गंध येऊ शकतो.

महाराष्ट्रात

पुण्यात २००९ मध्ये 'डूलली' सुरू झाली. पुढे ठाणे जिल्ह्यात डोंबिवली येथे 'गेटवे ब्रुइंग कंपनी'ने निर्मिती आरंभली. हॉप्सना उन्हाळ्यात दीर्घ दिवस लागतात, त्यामुळे भारतात त्यांची लागवड प्रामुख्याने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते. वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंतच्या उष्ण, दमट हवेत पेला लवकर तापतो. साठवण व वाहतूक थंड न राहिल्यास फलगंध सर्वांत आधी उडतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास उरतो. राज्यात मद्यप्राशनासाठी दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवाना लागतो.