वेगळं कसं केलं, ते आधी विचारा

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत सेंट्रिफ्यूज कुणाला नवा नाही. रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत स्फटिक द्रावापासून वेगळे करायला तो फिरतच असतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचाच कितीतरी वेगवान प्रकार पेशींनी बाहेर सोडलेल्या पुटिका गोळा करतो.

या पुटिका म्हणजे पडद्याने वेढलेले अतिसूक्ष्म थेंब. आत प्रथिनं आणि आरएनए. त्यांतले एक्सोसोम साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे. हा पेशीचा केरकचरा, असंच आधी वाटलं होतं. पण पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत वैजयंती काळे यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं, की तरुण आधारपेशींच्या पुटिका मिळाल्या की उंदरांच्या म्हाताऱ्या रक्तमूळपेशींना पुन्हा उभारी येते. विलक्षणच निष्कर्ष! मात्र असा परिणाम पुटिकांचाच, हे म्हणायला त्या आधी नीट वेगळ्या व्हाव्या लागतात.

रूढ पद्धत पायऱ्यापायऱ्यांची. गुरुत्वाच्या 300 पट जोराने फिरवलं की पेशी तळाशी जातात, 2,000 पटीला मेलेल्या पेशी, 10,000 पटीला मोठे तुकडे. दर वेळी वरचा द्राव ठेवायचा. शेवटी 1,00,000 पटीने तासाहून अधिक. तळाचा साका अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही, आणि त्यात प्रथिनांच्या गुठळ्याही बसलेल्या असतात.

रक्तातून पुटिका काढणं तर फारच अवघड. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात असतं ते एचडीएल घनतेने पुटिकांच्या जवळचं, तर व्हीएलडीएल आकाराने. आकाराने वेगळं करणाऱ्या सच्छिद्र मण्यांच्या कॉलममध्ये मोठ्या पुटिका छिद्रांत न शिरता आधी बाहेर पडतात, प्रथिनं रेंगाळतात. पण व्हीएलडीएल पुटिकांबरोबरच येतं. म्हणून आकार आणि घनता, दोन्ही चाळण्या एकामागून एक लावणं मला शहाणपणाचं वाटतं, माल कमी हाती आला तरी. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालून साका पाडणारे किट झटपट आणि भरपूर देतात, सोबत नको ती प्रथिनंही. पेशी वाढवायला वापरलेल्या वासराच्या सीरममध्ये गाईच्या पुटिका असतात, त्या निराळ्याच.

केसांसाठी, चेहऱ्यासाठी ‘एक्सोसोम’ देणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती आता सर्रास दिसतात. आपण मान्यता दिलेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2019 मध्ये दिला होता. कुपीवरच्या अब्जावधी कणांच्या आकड्याने भुलू नये. विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणाऱ्या यंत्राला पुटिका आणि व्हीएलडीएलसारखं लायपोप्रोटीन यांतला फरक कळत नाही.