पसंतीक्रम कुणाचा?

“मॅडम, ‘मला’ म्हणजे मला एकटीलाच धरायचं, की आमच्या घरी सगळ्यांना?”

विचारणारी दहावीतली. समोर प्रश्नावली, प्रत्येक विधानापुढे एक ते नऊ आकडे. शाखा ठरवताना मला अमुक अवघड जातं, तमुक कळत नाही, अशा धर्तीची विधानं. वर्ग मान खाली घालून गोल करत होता. मागच्या बाकावरच्या दोघांनी सगळीकडे पाचला गोल करून कागद कधीच पालथा घातला होता. “तुला एकटीलाच,” मी म्हटलं. सूचनापत्रिकेत तसंच होतं. पण ते उत्तर मला अजून पटलेलं नाही.

मुलाने काय व्हावं हे मोजण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जुना. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 साली बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. त्याच वर्षी ते वारले, आणि त्यांचं पुस्तक 1909 मध्ये आलं. सूत्र साधं होतं: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, दोन्हींची सांगड घाला. पुढे 1927 मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांनी आवडीनिवडींची चाचणी केली, 1959 मध्ये जॉन हॉलंड यांनी माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार मांडले. आपल्या राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली, तीही याच घराण्यातली. कृषी, ललित कला, आरोग्य विज्ञान, गणवेशधारी सेवा असा कल निघायचा. अहवालात ‘ललित कला’ आलं की बऱ्याच घरांत तो कागद गुणपत्रिकेखाली जायचा.

कल कुठे आहे हे अशा चाचणीतून कळतं. मूल निर्णय कसा घेतं, कुठे अडतं, हे कळत नाही. ते मोजायचं तर निराळी पट्टी लागते.

ती शोधायला सुरुवात केली डोनाल्ड सुपर यांनी. 1951 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाउन गावची नववीतली मुलं घेऊन त्यांनी दीर्घ अभ्यास हाती घेतला. या वयात मुलं सांगतात त्या व्यवसायावर फार विसंबण्यात अर्थ नाही, ते बदलत राहतात. पुढचा विचार करायची, चौकशी करायची सवय लागली आहे का, हे पाहणं जास्त कामाचं. या तयारीला ‘व्यवसायविषयक परिपक्वता’ हे नाव मिळालं आणि जॉन क्राइट्स यांनी तिची चाचणी रचली. निर्मला गुप्ता यांनी तिचं भारतीय रूप केलं. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांमागे तीच आहे.

माझं भांडण तिच्या गुणदानाशी आहे. निर्णयात दुसऱ्यावर विसंबून न राहणं हा त्या चाचणीत परिपक्वतेचा एक घटक. म्हणजे आईवडिलांच्या शब्दावर भिस्त ठेवली की गुण कमी. जिच्या अकरावीच्या फीसाठी मामाकडून उसने आणायचे ठरलंय, ती मुलगी मामाला विचारल्याशिवाय ठरवणार कशी? आणि विचारलं म्हणून ती कच्ची कशी ठरते?

या कोड्यातून थोडी वाट काढली ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या इतामार गाती यांनी. 1996 मध्ये त्यांनी क्राउझ आणि ओसिपो यांच्यासोबत निर्णयातल्या अडचणींची वर्गवारी मांडली. अडचणी दहा, त्यांचे गट तीन. पहिल्या गटातलं मूल ठरवायलाच तयार नसतं: उत्साह नाही, स्वभावच धरसोडीचा, किंवा मनात चुकीच्या समजुती. दुसऱ्याला माहितीच नसते: स्वतःची, व्यवसायांची, निर्णय कसा घ्यायचा याची, आणि माहिती मिळवायची कुठून याचीसुद्धा. तिसऱ्याकडे माहिती भरपूर, पण ती एकमेकींशी जुळत नाही. मनातच दोन तट पडलेले असतात किंवा घरच्यांशी मेळ बसत नाही.

समुपदेशकाला ही वर्गवारी सोन्यासारखी. एरवी तिन्ही मुलं एकच उत्तर देतात, “अजून काही ठरलं नाही.” आणि आपण तिघांनाही एकाच करिअर मेळाव्याला पाठवतो. ज्याला आयटीआय आणि डिप्लोमातला फरक माहीत नाही त्याला तिथे काहीतरी मिळतं. जिचं घरी वडिलांशी बोलणं बंद आहे, ती पत्रकांची पिशवी घेऊन घरी येते, बस्स.

तरी या वर्गवारीवर बेतलेली प्रश्नावली, म्हणजे हीही पट्टी, आपल्या मापाने कापलेली नाही. व्यवसायाची निवड एकदाच होते आणि जन्मभर पुरते, असं मानणं तिच्यात ‘चुकीची समजूत’ धरलं जातं. आता आपल्या मुलांकडे पाहा. अकरावीला कॉमर्स घेतलं की इंजिनिअरिंगची वाट बहुधा बंद. नवीन शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये शाखांमधल्या भिंती पाडायचं म्हटलं आहे, पण मुलांच्या अंदाजात ती भिंत अजून उभीच आहे. ‘सायन्स घे, म्हणजे पुढे सगळे दरवाजे उघडे’ हे प्रत्येक काकाचं वाक्य त्याच भिंतीतून आलेलं. मग ही समजूत चुकीची म्हणायची की व्यवहाराची? समजुतींच्या या प्रश्नांची विश्वासार्हता अनेक देशांत कमी भरली, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

माझ्या मते गाती यांचं खरं मोलाचं काम त्यानंतरचं, 2010 मधलं. मूल ‘विचारी’ की ‘परावलंबी’ असा एकच शिक्का मारण्याऐवजी त्यांनी निर्णयपद्धतीचे अकरा पैलू वेगळे केले. अंतःप्रेरणेचा बारावा नंतर आला. माहिती किती गोळा करतो, चालढकल किती करतो, तडजोडीला किती तयार आहे वगैरे. त्यात तीन पैलू सुटे ठेवले आहेत: इतरांचा सल्ला घेणं, इतरांवर निर्णय सोपवणं आणि इतरांना खूश करायला बघणं. आपण या तिन्हींना ‘घरच्यांचं ऐकतो’ म्हणतो आणि मोकळे होतो. मामाला विचारणारी मुलगी आणि मामाला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच्या मनातलं गिळणारी मुलगी, या दोघी या पट्टीवर वेगळ्या दिसतात. त्या दिवशी माझ्या हातात ती असती तर ‘मला’चं उत्तर मी निराळं दिलं असतं.

(बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणाऱ्यांचा या मोजणीशी काडीचा संबंध नाही. त्याला शास्त्रीय आधार नाही. ते पैसे वाचवा.)

कोणत्याही प्रश्नावलीला मर्यादा आहेतच. मूल सांगेल तेवढंच तिला कळतं, सहामाहीचा निकाल लागला की उत्तरं फिरतात, आणि पाचला गोल करणाऱ्यांवर तर कुणाकडेच उपाय नाही. शेवटी सगळ्यांचं गाडं येतं अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मवर. 2025 पासून ही प्रक्रिया राज्यभर आली आहे. दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे, आणि पहिला लागला तर प्रवेश घ्यावाच लागतो. फॉर्म बहुधा मोठा भाऊ, वडील नाहीतर नेट कॅफेवाला भरतो. मूल शेजारी उभं राहून ओटीपी सांगतं.

तुमच्या घरी यंदा दहावी असेल, तर एक करून बघा. फॉर्म उघडण्याआधी दोन कोरे कागद घ्या. एकावर मुलाला पसंतीक्रम लिहू द्या, दुसऱ्यावर तुम्ही लिहा, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि पहिली ओळ वाचा.